मांजराची तसबीर

घरांत मांजर असावें कीं नसावें, हा वाद आमच्या आजोबांच्या काळींही होता आणि आजही आहे. वडील माणसें म्हणावयाचीं कीं, दुधावर झांकण ठेवतां ठेवतां जीव जातो. आणि लहान मुलें म्हणावयाचीं कीं, असूं द्या, तिच्यावांचून घरांत करमत नाहीं. या जुन्या वादास चालू पिढीनें एक नवें कलम जोडलें आहे. मांजर पाळावयाचें तें तर पाळावयाचेंच, परंतु त्याचा फोटोही काढावयाचा. आणि तोही साधासुधा नव्हे, तर पाहणारास हंसूं आल्यावांचून राहूं नये असा. आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत, मोबाईल सात आहेत, आणि ठकी नांवाची मांजर मात्र एकच आहे. त्यामुळें एका आठवड्यांत तिचे जितके फोटो निघतात, तितके आमच्या चौतीस वर्षांच्या शिक्षकी पेशांत आमचे निघाले नाहींत.

हा विषय कित्येक वाचकांस पोरकट वाटेल. मासिकाचीं पानें मांजरावर कां खर्चावीं, असें कोणी विचारल्यास त्यास आमचें उत्तर असें कीं, मनुष्य कशाला हंसतो आणि कसा हंसतो, यावरून त्याची पारख होते. शिवाय मुक्या प्राण्याकडे नीट पाहण्याची संवय एकदां लागली, म्हणजे ती पुढें माणसांकडे पाहण्यासही उपयोगी पडते. ही दुसरी गोष्ट आमच्या घरीं कशी प्रत्ययास आली, तें ओघानें सांगूं. प्रथम थोडा इतिहास पाहूं.

फ्रान्समध्यें दागेर यानें आपली छायाचित्रणाची रीत जाहीर केली, ती १८३९ सालीं. त्या काळीं तसबिरीसाठीं बसणारास कित्येक सेकंद, प्रसंगीं त्याहूनही अधिक वेळ, निश्चल बसावें लागे. डोकें हालूं नये म्हणून मानेमागें लोखंडी आधार लावीत. फार जुन्या तसबिरींतील माणसें ताठरलेलीं दिसतात, त्याचें एक कारण हें. माणूस समजावून सांगितल्यास बसेल. मांजरास कोण समजावणार? तें हाललें कीं कांचेवर मांजराऐवजीं धुराचा लोट उमटावयाचा. १८७१ सालीं इंग्लंडांत मॅडॉक्स नांवाच्या डॉक्टरानें जिलेटिन लावलेल्या कोरड्या कांचेची युक्ति प्रसिद्ध केली. पुढील कांहीं वर्षांत तींत सुधारणा होत गेल्या, आणि सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र घेणें शक्य झालें. मांजराच्या तसबिरीचा खरा आरंभ याच सुमाराचा.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन गांवीं हॅरी पॉइंटर (१८२२–१८८९) नांवाचा एक छायाचित्रकार होता. १८७० नंतरच्या दशकांत त्यानें मांजरांचीं चित्रें घेण्यास आरंभ केला. प्रथमतः तीं अगदीं साधीं होतीं. कोठें मांजर दूध पीत आहे, कोठें टोपलींत निजलें आहे. लौकरच त्याच्या ध्यानांत आलें कीं, मांजर चहाच्या पेल्यापाशीं बसविलें किंवा चाकांच्या जोड्यांवर उभें केलें, आणि चित्राखालीं एखादें गमतीचें वाक्य छापलें, तर लोक तें अधिक आवडीनें घेतात. १८८४ पर्यंत अशीं सुमारें दोनशें चित्रें त्याच्या संग्रहीं झालीं होतीं. अमेरिकेंत पुढें हॅरी व्हिटियर फ्रीस (१८७९–१९५३) यानें तर मांजराच्या पिलांना झबलीं-टोपडीं घालून, त्यांच्याकडून कपडे वाळत घालविले, स्वयंपाक करविला, आणि त्या चित्रांचीं कार्डें व पुस्तकें काढलीं. एक चित्र घेण्यास त्यास सेकंदाचा पांचवा हिस्सा लागे. आपणांस हा वेळ कांहींच वाटत नाहीं. पण पिलाच्या दृष्टीनें तें एक युग होय. कित्येक कांचा फुकट जात, आणि या कामाचा ताण इतका पडे कीं, वर्षांतून सुमारें तीन महिनेच तो तें करी.

याच काळांत शास्त्रज्ञही मांजराच्या मागें लागले होते. मायब्रिज यानें १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांच्या गतीवरील ७८१ चित्रपटलांत घोडे, हत्ती यांच्याबरोबर धांवणारें मांजरही आहे. १८९४ सालीं पॅरिस येथें मारे या शरीरशास्त्रज्ञानें मांजर चारी पायांस धरून उलटें सोडलें, आणि त्याच्या पडण्याचीं क्षणाक्षणाचीं चित्रें घेतलीं. मांजर नेहमीं पायांवर पडतें, हें आपल्याकडील पोरासोरांसही ठाऊक होतें. परंतु कशाचाही आधार नसतां तें हवेंतल्या हवेंत वळतें कसें, याचा विद्वानांस उलगडा होईना. चित्रांत दिसलें तें असें: तें आधीं पुढचे पाय आंखडून अंगाचा पुढील भाग फिरवितें, त्या वेळीं मागचे पाय लांब ठेवतें; मग पुढचे लांब करून मागचा भाग फिरवून घेतें. याचें पुरतें गणित केन आणि शेर या दोघांनीं मांडलें, तें १९६९ सालीं. म्हणजे मांजर जें कांहीं क्षणांत करतें, तें कागदावर उतरविण्यास मनुष्यास पाऊणशें वर्षें लागलीं.

आतां या सर्व उद्योगांत आम्हांस दोन निरनिराळे मार्ग दिसतात, आणि ते आमच्या अलंकारशास्त्रास फार पूर्वींच ठाऊक होते. पॉइंटर आणि फ्रीस यांचा मार्ग आरोपाचा. मांजरावर मनुष्याचा आरोप करावयाचा, आणि त्या विसंगतींतून हंसूं उत्पन्न करावयाचें. हा मार्ग आपल्याकडेही आहे, नाहीं असें नाहीं. महाभारताच्या उद्योगपर्वांत तपस्व्याचें सोंग घेऊन उंदरांस फसविणाऱ्या मांजराची कथा आली आहे. मामल्लपुरम् येथील सातव्या शतकांतील विशाल शिल्पपटांत असेंच एक मांजर मागच्या दोन पायांवर उभें राहून, पुढचे पाय डोक्यावर जोडून तप करीत आहे, आणि भोळे उंदीर त्याच्या पायांशीं जमले आहेत. तो शिल्पकार मोठा रसिक असला पाहिजे. बाजूस खरा तपस्वी तप करीत असतां त्यानें हें ढोंगी मांजर तेथें आणून बसविलें.

दुसरा मार्ग स्वभावोक्तीचा. बालकें, पशुपक्षी वगैरे जसे असतात, जशा त्यांच्या चेष्टा असतात, तशाच त्या हुबेहूब वर्णिल्या असतां जो अलंकार होतो, त्यास स्वभावोक्ति म्हणतात. दंडीनें आपल्या ग्रंथांत यास पहिलें स्थान दिलें. भामहाला मात्र हा अलंकार मानण्याविषयीं फारसा उत्साह नव्हता. ज्यांत कवीनें कांहीं वांकवलें नाहीं, वाढवलें नाहीं, त्यास अलंकार कसें म्हणावें, ही शंका आहे. आणि ती अगदींच सोडून देण्यासारखी नाहीं. तिचें उत्तर शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत मिळतें. तेथें रथापुढें धांवणारें हरिण मान वळवून वळवून मागें पाहतें, बाणाच्या भयानें मागील अंग पुढें ओढून घेतें, आणि अर्धवट चघळलेलें गवत त्याच्या तोंडांतून वाटेवर सांडत जातें. यांत कल्पनेची भरारी कोठेंही नाहीं, तरी तें सांडणारें गवत आपण जन्मभर विसरत नाहीं. कारण पुष्कळांनीं हरिण पाहिलें होतें, पण तें गवत कवीनें पाहिलें. हल्लींचीं मुलें ज्यास नकळत काढलेला फोटो म्हणतात, तो आमच्या मतें याच जातीचा अलंकार होय. टोपी घातलेल्या मांजराचें चित्र हें टोपीचें चित्र. आणि पोळ्यांच्या डब्यावर निजलेल्या, जिभेचें टोंक आंत घेण्यास विसरलेल्या मांजराचें चित्र हें खरें मांजराचें.

मांजर मुळांत हास्यास्पद कां, याचाही विचार करूं. कुत्रा हालचाल करतो ती आपणांस खूष करण्यासाठीं. त्याचें हंसूं येतें तें प्रेमाचें. मांजराचें तसें नाहीं. तें सदा न्यायाधीशासारखें गंभीर. चालतांना पाऊल मोजून टाकील, बसतांना शेंपटी पायांभोवतीं गुंडाळून घेईल. अशा गंभीर व्यक्तीचा पाय जेव्हां कठड्यावरून निसटतो, आणि क्षणार्धांत सांवरून ती जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा मुद्रेनें पंजा चाटूं लागते, तेव्हां हंसूं आवरत नाहीं. वर्गांत घसरून पडलेल्या आणि लगेच उठून फळा पुसूं लागलेल्या मास्तरांस मुलें कां हंसतात, हें आम्हांस ठाऊक आहे.

आतां कृतीकडे वळूं. आमच्या घरच्या पोरांचे हजारों फोटो पाहून, आणि त्यांतले नऊशेंनव्वद टाकाऊ कां झाले याची चिकित्सा करून, आम्हीं कांहीं गोष्टी मनाशीं ठरविल्या आहेत, त्या वाचकांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट उंचीची. माणूस उभा राहून खालीं पाहत फोटो काढतो, त्यामुळें सगळीं मांजरें एकसारखीं, पाठ आणि दोन कान एवढींच दिसतात. जमिनीवर बसावें, प्रसंगीं पालथें पडावें, आणि कॅमेरा मांजराच्या डोळ्यांच्या रेषेंत आणावा. अमेरिकेंत वॉल्टर शँडोहा (१९२०–२०१९) नांवाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या बर्फांत त्यास एक अनाथ पिल्लूं सांपडलें. तें त्यानें घरीं आणलें, आणि त्याच्या लीला टिपतां टिपतां पुढें जन्मभरांत मांजरांचीं सुमारें ९०,००० छायाचित्रें घेतलीं. तोही मांजराच्या उंचीवर उतरूनच काम करी. आमचे गुडघे आतां या मताशीं सहमत नाहींत. परंतु नातवंडांचे आहेत.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. फ्लॅश वापरूं नये. मांजराच्या डोळ्याच्या आंत, दृष्टिपटलाच्या मागें, आरशासारखा चकाकणारा एक थर असतो. आंत शिरलेला प्रकाश तो परत फेंकतो, म्हणूनच अंधारांत मांजराचे डोळे दिव्यासारखे चमकतात. फ्लॅशच्या फोटोंत याच कारणानें मांजराऐवजीं दोन हिरवे कंदील उमटतात. शिवाय तें दचकतें तें निराळेंच. सकाळीं नऊच्या सुमारास खिडकींतून किंवा पडवींतून बाजूनें येणारा उजेड उत्तम. भर उन्हांत बाहुल्या बारीक रेघेएवढ्या होतात आणि मुद्रा करडी दिसते. मंद उजेडांत त्या मोठ्या व वाटोळ्या होतात आणि तीच मुद्रा बालकाची वाटते. मांजर काळें असेल तर यंत्र त्यास उगाच उजळवून राखाडी करतें, म्हणून उजेडाचें प्रमाण हातानें थोडें कमी करावें. पांढरें असेल तर थोडें वाढवावें.

तिसरी गोष्ट वेगाची. निजलेल्या मांजरास घाई नसते. परंतु खेळणाऱ्या मांजरासाठीं शटरची गति सेकंदाचा पांचशेंवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी ठेवावी. मोबाईलवर एकामागून एक झरझर फोटो घेण्याची सोय असते, ती वापरावी, आणि नंतर वीसांतला एक ठेवून बाकीचे निर्दयपणें पुसून टाकावे. फ्रीसची कांच फुकट जाई तेव्हां पैसा जाई. आपला कांहीं जात नाहीं, म्हणून आपण कचराही जपून ठेवतों. एकोणीस सारख्या चित्रांत एक चांगलें चित्र हरवून जातें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे दिनचर्या जाणणें. मांजर दिवसांतून बारा ते सोळा तास झोंपेंत घालवितें, पण झोंपेच्या दोन्ही टोंकांस विनोद असतो. जागें झाल्यावर तें जांभई देतें. त्या जांभईच्या ऐन मध्यावर घेतलेलें चित्र पाहिल्यास, तें कीर्तनकारासारखें तान घेत आहे असें वाटतें. एखाद्या नव्या वासापाशीं, मुख्यतः कोणाच्या पायांतल्या मोज्यापाशीं, तें नाक लावतें आणि तोंड अर्धवट उघडें टाकून, वरचा ओंठ आंखडून, अगदीं किळस आल्यासारखें स्तब्ध राहतें. ती किळस नव्हे. टाळूच्या वर वास ओळखण्याचें एक निराळें इंद्रिय असतें, त्याकडे तें वास ओढून घेत असतें. हें ज्यास ठाऊक आहे, तो मोज्यापाशीं आधींच कॅमेरा घेऊन बसतो. ज्यास ठाऊक नाहीं, तो मोबाईल शोधीपर्यंत मुद्रा निघून जाते.

आणि पांचवी गोष्ट धीराची. आम्ही वर्गांत पाऊल टाकलें कीं चाळीस चेहरे एकदम सारखे होत. तोच वर्ग व्हरांड्याच्या खिडकींतून पाहिला, म्हणजे चाळीस निराळीं मुलें दिसत. कॅमेरा पुढें करणारा हा दारांतून आलेल्या मास्तरासारखा असतो. म्हणून रोज थोडा वेळ कांहीं न करतां मांजराजवळ बसावें. इंग्लंडांतील ससेक्स व पोर्ट्समथ येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं २०२० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. मनुष्यानें मांजराकडे पाहून सावकाश डोळे बारीक करून मिटले, तर मांजरही पुष्कळदां तसेंच करतें, आणि असें करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही तें अधिक विश्वासानें येतें, असें त्यांस आढळलें. आमच्या सूनबाईंनीं हा प्रयोग ठकीवर केला. ठकीनें डोळे मिटले. परंतु ती झोंपली कीं उत्तर दिलें, यावर घरांत अजून दोन पक्ष आहेत.

येथपर्यंत सर्व गोड झालें. आतां एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. २०१५ सालच्या सुमारास जगभर एक खूळ पसरलें होतें. मांजर खालीं मान घालून खात असतां त्याच्या पाठीमागें गुपचूप एक काकडी ठेवावयाची. तें वळलें कीं भयानें हातभर उंच उडावयाचें. आणि तो व्हिडिओ पाहून लोकांनीं हंसावयाचें. प्राण्यांचे जाणकार तेव्हांच म्हणाले कीं, यानें मांजरास इजा होते, आणि जेवण्याच्या जागीं निश्चिंत असणारें जनावर तेथेंच भिऊं लागतें. तरी हें खूळ अधूनमधून डोकें वर काढतेंच. आमचा दहा वर्षांचा नातू मे महिन्यांत काकडी घेऊन स्वयंपाकघराकडे निघाला होता. त्यास आम्हीं ओटीवर थांबविलें.

"आजोबा, तिला लागत नाहीं कांहीं. सगळे जण करतात."

"बरें. आणि तूं जेवायला बसलास कीं तुझ्या पाटामागें मी एक सुतळी बाँब ठेवतों. लागणार नाहीं तुला. आम्ही सगळे हंसूं."

तो कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें म्हणाला, "पण आजोबा, ती उडते तेव्हां गंमत दिसते हें खरें ना?"

खरेंच आहे तें, आणि मुलाशीं खोटें बोलण्यांत अर्थ नाहीं. गंमत दिसते. १९४८ सालीं हाल्समन या छायाचित्रकारानें दाली या चित्रकाराचा एक जगप्रसिद्ध फोटो घेतला. त्यांत दाली, खुर्ची, पाण्याचा झोत आणि तीन मांजरें सर्व एकाच वेळीं अधांतरीं आहेत. तो साधण्यासाठीं तीं मांजरें आणि तें पाणी पंचवीसांहून अधिक वेळां फेंकावें लागलें. चित्र अजब आहे, यांत शंका नाहीं. पण ही संख्या एकदां कळली म्हणजे दृष्टि दालीवर ठरत नाहीं, मांजरांवर जाते.

भरतानें नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. नातवास आम्हीं हे सहा शब्द वहींत लिहून दिले, आणि सांगितलें कीं, मांजराचा कोणताही फोटो काढलास कीं त्यापुढें यांतला एक शब्द लिही. कसोटीही सांगितली. मांजराचे कान मागें चपटे झाले असतील, शेंपटी फटकारे मारीत असेल, उजेड असूनही बाहुल्या विस्फारल्या असतील, तर तें मांजर भ्यालेलें किंवा त्रासलेलें आहे. तो फोटो कितीही हंसवो, पहिल्या दोन रकान्यांत बसत नाहीं. आठवडाभरांत त्याची दृष्टि इतकी तयार झाली कीं, दुसऱ्यांनीं पाठविलेल्या चित्रांवरही तो शेरे मारूं लागला. "हें उपहसित आहे," असें आपल्या आत्याला सांगून त्यानें तिचा व्हिडिओ पुढें धाडण्यास नकार दिला, तेव्हां घरांत थोडें वादळ झालें. पण आम्हीं त्याची बाजू घेतली.

आतां मघाशीं म्हटलेली गोष्ट. आमच्या वहिनी, म्हणजे वडील बंधूंच्या पत्नी, दोन वर्षांपूर्वीं वारल्या. बावन्न वर्षें त्यांनीं हें घर चालविलें. ठकीवर त्यांचा वरकरणी राग असे. दिवसांतून दहा वेळां "मेली कुठली" म्हणून तिला हांकलीत, आणि अकराव्या वेळीं सायीचा चमचा तिच्यापुढें ठेवीत. दिवसकार्य आटोपल्यावर भिंतीवर लावण्यासाठीं त्यांचा फोटो शोधूं लागलों. फोटो पुष्कळ होते. लग्नांतले, मुंजींतले, यात्रेंतले. परंतु फोटो म्हटला कीं वहिनी पदर सारखा करीत, ओंठ घट्ट मिटीत, आणि परीक्षेस बसल्यासारख्या समोर पाहत. एकाही फोटोंत आमच्या वहिनी नव्हत्या. दादा एकेक चित्र पाहत, आणि कांहीं न बोलतां बाजूस ठेवीत.

तेव्हां धाकटी पुतणी म्हणाली कीं, ठकीचे फोटो पाहूं या का? आम्हांस तें प्रथम विचित्रच वाटलें. पण त्यांत एक चित्र निघालें. घांसून पडवींत उन्हांत ठेवलेल्या परातींत ठकी अंग मुडपून बसली आहे. परातीचा कांठ आणि मांजराची पाठ एकाच वर्तुळाची झाली आहे. हाच त्या फोटोचा विनोद. आणि मागें, स्वयंपाकघराच्या दारांत, वहिनी उभ्या आहेत. एका हातांत पाणी काढण्याचें पातेलें आहे, दुसऱ्या हातानें पदराचें टोंक तोंडाशीं धरलें आहे, आणि त्या हंसत आहेत. परात पुन्हां घांसावी लागणार, हें ठाऊक असूनही हंसत आहेत. त्यांच्या पुढच्या दांतांतली फट त्यांत दिसते. ती फट त्यांनीं बावन्न वर्षें प्रत्येक छायाचित्रकारापासून लपवून ठेविली होती.

मुलें म्हणालीं, मोबाईलवर मांजर कापून टाकतां येईल. तेवढ्याच वहिनी मोठ्या करून लावूं. दादा म्हणाले, "नको. ती कशाला हंसते आहे, तें राहूं द्या." तो फोटो मांजरासकट माजघरांत लागला आहे. येणारे जाणारे प्रथम मांजर पाहतात, मग वहिनी पाहतात, आणि बहुतेकांच्या तोंडून "अगदीं अशाच होत्या" एवढे शब्द निघतात.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक अशी कीं, मांजराच्या फोटोंत जें पाठीमागें असतें, तेंही फोटोंतच असतें. मांजरास आपलें चित्र कोठें गेलें याची फिकीर नाहीं; माणसांस असते. विस्कटलेल्या केसांनीं ओट्यापाशीं उभी असलेली काकू मांजराबरोबर शंभर लोकांच्या हातांत गेली, तर तिला तें आवडेलच असें नाहीं. तेव्हां घरांत काढावें मोकळेपणानें, परंतु घराबाहेर धाडण्यापूर्वीं पाठीमागच्या माणसास विचारावें. वहिनींचें चित्र भिंतीवर लावावें कीं नाहीं, हेंही आम्हीं प्रथम दादांस विचारलें, आणि त्यांच्या दोन्ही मुलींस विचारलें.

दुसरी गोष्ट संग्रहाची. मोबाईल बिघडतो, हरवतो, विकला जातो, आणि त्याबरोबर दोनतीन वर्षें नाहींशीं होतात. यासाठीं दर तीन महिन्यांनीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून मांजराचे, आणि मांजराच्या निमित्तानें निघालेले, दहा फोटो निवडावे. ते कागदावर छापून घ्यावे. प्रत्येकाच्या पाठीमागें पेन्सिलीनें तारीख, जागा, आणि चित्रांत दिसणाऱ्या प्रत्येकाचें नांव लिहावें, मग तो कोपऱ्यांतला अर्धा हात कां असेना. उरलेल्या मूळ प्रती निराळ्या ठिकाणीं उतरवून ठेवाव्या. आमच्या घरीं हें काम नातवाकडे सोंपविलें आहे. वहींतले सहा रकाने त्यानें अजून चालू ठेविले आहेत. स्मिताच्या रकान्यांत सध्यां एकेचाळीस फोटो आहेत, हसिताच्या तेरा. आणि परातीच्या फोटोपुढें त्यानें कोणता शब्द लिहावा, हें आम्हांस दोनदां विचारलें. तो रकाना आम्हीं दादांस भरावयास सांगितला आहे.